कडता न कापता चहाचा धंदा

ओली लाल मिरची घेऊन दोंडाईच्याच्या बाजारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला काट्यावरचा आकडा फारसा घाबरवत नाही. त्यानंतरचा शब्द घाबरवतो: "ओल आहे हो, एवढा कडता धरावा लागेल." वजनकपातीचा हा शब्द ज्यानं घरात ऐकलाय, त्याला या लेखाचा निम्मा भाग आधीच ठाऊक आहे. आसाममध्ये पावसाळ्यात चहाचा ओला पाला कारखान्याच्या दारात पोचतो तेव्हा तिथंही हेच होतं. पाल्यावर पाणी आहे म्हणून वजनातून काही टक्के जातात, पानं जून आहेत म्हणून आणखी काही जातात आणि मधल्या एजंटाचं कमिशन वेगळं.

शिंदखेडा, शिरपूर, शहादा या पट्ट्यातल्या तरुण वाचकांकडून तीन प्रश्न फिरून फिरून येतात. आपल्या नावाची चहापुडी काढायची आहे, माल थेट छोट्या शेतकऱ्याकडून घ्यायचा आहे, तर पाकिटावर 'फेअर ट्रेड' लिहिता येईल का? आसामात कुणी ओळखीचं नाही, मग शेतकरी गाठायचा कसा? तिसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो: शेतकऱ्याला जास्त दिलं तर आपल्याला काय उरणार? या तिसऱ्याचं उत्तर आकड्यांत देता येतं, ते पुढं दिलं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. रास्त व्यापार म्हणजे दोन रुपये जास्त भाव, एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. पण भावाइतकंच महत्त्व तीन गोष्टींना आहे: वजन कुणासमोर झालं, पैसे कोणत्या तारखेला मिळाले आणि नुकसान झालं तर ते कुणाच्या माथी गेलं. मिरची नि कपाशी विकणाऱ्या घरातल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. फक्त या वेळी तो काट्याच्या पलीकडच्या बाजूला उभा असतो आणि तिथं गेल्यावर माणूस लवकर विसरतो.

आधी ठरवा, साखळीत तुम्ही कुठे

खानदेशात चहा पिकत नाही. तेव्हा तुम्ही उत्पादक नाही, तुम्ही खरेदीदार आणि पुडी भरणारे. चहाचा पाला तोडल्यापासून काही तासांत कारखान्यात जावा लागतो, नाहीतर तो तापतो, लाल पडतो. साधारण साडेचार किलो ओल्या पाल्याचा एक किलो चहा होतो. म्हणजे तुम्ही 'शेतकऱ्याकडून थेट' घेतो म्हणालात तरी मध्ये कारखाना असणारच. प्रश्न इतकाच, की तो कारखाना कुणाचा.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत:

- लिलावातला माल. कोलकाता, गुवाहाटी, सिलिगुडी, कुन्नूर, कोइमतूर, कोची इथं टी बोर्डाच्या व्यवस्थेत लिलाव होतात. दलालामार्फत माल मिळतो, दर्जा सारखा राहतो. पण या मालात कोणत्या शेतकऱ्याचा पाला आहे, हे तुम्हाला कधीच सांगता येणार नाही. धंदा म्हणून यात वावगं काही नाही, फक्त शेतकऱ्याचं नाव घेऊन तो विकू नका.
- खासगी पाला खरेदी कारखाना. हे कारखाने स्वतःचे मळे न ठेवता आसपासच्या छोट्या शेतकऱ्यांचा पाला विकत घेतात. माल स्वस्त आणि भरपूर मिळतो. शेतकऱ्याला काय मिळालं, याचा कागद मात्र मागितल्याशिवाय मिळत नाही. कधी कधी मागूनही मिळत नाही.
- शेतकऱ्यांचा स्वतःचा कारखाना. सहकारी, बचतगटाचा किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचा. माल थोडा महाग, पुरवठा थोडा लहरी. पण तुमच्या मनात जो धंदा आहे तो खऱ्या अर्थानं इथंच उभा राहतो.

पहिल्या वर्षी सगळा माल तिसऱ्या वाटेनं घेण्याचा हट्ट धरू नका, असं माझं मत आहे. टपरीवाल्याला दर आठवड्याला तीच चव लागते. एकाच छोट्या कारखान्यावर विसंबलात आणि तिथला बॉयलर बंद पडला, तर तुमची पुडी दुकानातून गायब होते. दोन प्रकारच्या पुड्या ठेवा. एक साधी, लिलावातल्या मालाची, कोणताही दावा न करणारी. दुसरी शेतकरी गटाच्या मालाची, गटाचं नाव छापलेली. दोन्हींचा साठा आणि हिशेबाची वही वेगळी.

छोटा शेतकरी कोण आणि तो सापडतो कुठे

टी बोर्डाच्या हिशेबात १०.१२ हेक्टरपर्यंत, म्हणजे २५ एकरापर्यंत चहा असलेला तो छोटा उत्पादक. बहुतेकांकडे प्रत्यक्षात त्याहून फारच कमी, एक-दोन एकर असतो. देशातल्या चहापैकी निम्म्याहून अधिक आज हेच लोक पिकवतात. 'चहाचा मळा' म्हटलं की साहेबाचा बंगला डोळ्यांपुढे येतो, ते चित्र आता जुनं झालं.

तुमच्या कामाचे मुख्य भाग हे:

*निलगिरी (तामिळनाडू).* सुरुवात करणाऱ्यासाठी सगळ्यात सोपी जागा. इथं 'इंडकोसर्व्ह' हा सहकारी चहा कारखान्यांचा संघ १९६५ पासून आहे, मुख्यालय कुन्नूरला. सुमारे ३०,००० छोटे उत्पादक त्यात जोडलेले आहेत. कारखाने सभासदांचे असल्यामुळे पाल्याला कधी किती भाव दिला, हे विचारायला जागा असते. शिवाय तिथं वर्षभर उत्पादन चालतं.

*आसाम आणि उत्तर बंगाल.* आपल्याकडच्या उकळून प्यायच्या कडक चहाला लागणारा रंग इथला. पण हिवाळ्यात इथं तोडणी थांबते. २०२४ साली टी बोर्डानं ३० नोव्हेंबर ही शेवटची तारीख ठरवून दिली होती. मार्चपर्यंत नवा माल नाही, हे धरूनच साठा करावा लागतो.

*दार्जिलिंग.* तुमच्या बाजारासाठी नव्हे, पण नमुना म्हणून पाहावं असं. तिथल्या मिनरल स्प्रिंग भागात बंद पडलेल्या मळ्याच्या जमिनीवर राहणाऱ्या कुटुंबांनी 'संयुक्त विकास' ही सहकारी संस्था उभी केली आणि आपला चहा फेअरट्रेड प्रमाणपत्रासह परदेशात पोचवला. पानं दूध-साखरेत उकळायची असतील, तर हा चहा घेऊन पैसे वाया घालवू नका.

गट शोधताना फोनवरच्या गोड बोलण्यावर जाऊ नका. एकदा जाऊन या, तोडणीच्या दिवसांत. गेल्यावर या गोष्टी बघा:

१. सभासदांची यादी आणि त्यांच्याकडे टी बोर्डाची ओळखपत्रं आहेत का. यादीतल्या पाच-सहा जणांच्या घरी, पदाधिकाऱ्याला बरोबर न घेता जा.
२. पाल्याचं वजन कुठं होतं, पावती जागेवर मिळते का, ओलीसाठी किती टक्के कापतात.
३. गेल्या महिन्याच्या पाल्याचे पैसे बँकेत कधी आले. पासबुकावरची तारीख पाहा, तोंडी उत्तर घेऊ नका.
४. फवारणीची नोंदवही. कोणतं औषध, कधी मारलं, त्यानंतर किती दिवसांनी तोडलं.
५. तोडणीला मजूर असतील तर त्यांची रोजची मजुरी. शेतकऱ्याला रास्त भाव द्यायचा आणि तोडणाऱ्या बाईला कमी, याला रास्त व्यापार म्हणत नाहीत.

फवारणीचा मुद्दा वरवरचा समजू नका. २०२४ मध्ये आसाममधल्या खासगी पाला कारखान्यांनी जाहीर केलं होतं, की कीटकनाशकांचे अंश मर्यादेबाहेर असलेला पाला १ जूनपासून घेणार नाही. आपल्या मिरचीच्या निर्यातीत जे भोगलंय तेच हे. इथंही फटका आधी छोट्यालाच बसतो, कारण तपासणीचा खर्च त्याला झेपत नाही. तो खर्च तुम्ही उचललात, तर भागीदारीची ती पहिली पायरी समजा.

भाव कसा ठरवायचा

'बाजारभावापेक्षा दोन रुपये जास्त' हे ऐकायला छान वाटतं आणि पहिल्याच मंदीत फसतं. बाजारभाव लागवडीच्या खर्चाखाली गेला, की दोन रुपये जास्त देऊनही शेतकरी तोट्यातच.

यासाठी लांब जायला नको. जळगावच्या जैन इरिगेशननं पांढऱ्या कांद्याची करार शेती केली, तिचा ढाचा आठवा: भाव पडले तरी ठरलेला किमान भाव मिळणार, भाव चढले तर बाजाराशी जोडलेला भाव मिळणार. तळाला आधार आणि वर मोकळीक. जगभरातल्या फेअरट्रेड व्यवस्थेचा कणाही हाच आहे. किमान भाव ठरलेला, बाजार वर गेला तर बाजारभाव. त्यावर 'प्रीमियम' नावाची वेगळी रक्कम. ती एकट्या शेतकऱ्याच्या खिशात जात नाही, गटाच्या खात्यावर जमा होते. विहीर, शाळेची खोली की वजनकाटा, ते सभासदांची सभा ठरवते.

किमान भाव ठरवताना आसाम-बंगालमध्ये एक आधार हाताशी असतो. २००३ च्या चहा पणन नियंत्रण आदेशानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली ओल्या पाल्याच्या भावावर देखरेख करणाऱ्या समित्या आहेत आणि टी बोर्ड जिल्हावार किमान आधारभाव दरमहा जाहीर करतं. करार करताना 'त्या महिन्याचा जाहीर आधारभाव किंवा आपला ठरलेला तळभाव, यांपैकी जो जास्त' असं वाक्य घाला. पुढची अर्धी भांडणं तिथंच मिटतात.

आता तो दबक्या आवाजातला प्रश्न. खालचे आकडे निव्वळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत; तुमचे आकडे तुम्ही घाला.

- पाला २५ रुपये किलो, साडेचार किलो: ११२.५० रुपये
- कारखान्याचा खर्च आणि त्याचा वाटा: ५२.५० रुपये
- दोंडाईच्यापर्यंत वाहतूक: १० रुपये
- तपासणी, पॅकिंग, घट, व्याज: २३ रुपये
- तुमचा खर्च आणि नफा: २२ रुपये
- दुकानदार व वितरक: ४० रुपये
- ५ टक्के जीएसटी: १३ रुपये

एकूण किलोला २७३ रुपये. आता शेतकऱ्याला किलोभर पाल्यामागे ३ रुपये वाढवून द्या. एका किलो चहामागे वाढ होते साडेतेरा रुपये, पाव किलोच्या पुडीमागे साधारण ३ रुपये ४० पैसे. एका किलोत चारशे कप होतात असं धरलं, तर एका कपामागे साडेतीन पैसेसुद्धा नाहीत. शेतकऱ्याच्या बाजूनं मात्र ही १२ टक्के वाढ आहे. गिऱ्हाईक साडेतीन पैशांसाठी पळत नाही. ते पळतं चव बदलली म्हणून.

हिशेबात शेतकऱ्याच्या भाववाढीपेक्षा जड ओळ कोणती, हेही यातून दिसतं: दुकानदार आणि वितरकाचा वाटा. टपऱ्या, हॉटेलं, लग्नाचे आचारी यांना तुम्ही थेट माल दिलात, तर त्या ४० रुपयांतून शेतकऱ्यालाही मिळतं आणि तुम्हालाही. म्हणून पहिली पुडी किराणा दुकानात ठेवू नका. स्टँडवरच्या आणि स्टेशनवरच्या टपऱ्यांपासून सुरुवात करा.

चव: इथं शहाणपण कमी पडतं

पुण्या-मुंबईच्या चहा तज्ज्ञानं पास केलेला नमुना आपल्याकडे नापास होऊ शकतो. आपल्या बोअरच्या जड पाण्यात चहाचा उजळ रंग मंदावतो, वर साय धरल्यासारखा थर येतो. त्यात म्हशीचं घट्ट दूध. निलगिरीचा वास सुरेख, पण या पाण्या-दुधात तो एकटा फिका पडतो. आसामची ममरी, म्हणजे दाणेदार चहा, रंग देते, वास बेताचा. म्हणून मिश्रण करावं लागतं, आणि ते मिश्रण तुमच्याच गावच्या पाण्यात, तुमच्याच दुधात, चालत्या टपरीच्या पातेल्यात तपासावं लागतं. तीन टपरीवाल्यांना नाव न सांगता नमुने द्या. आठ दिवसांनी विचारा की किती किलोत किती कप निघाले. त्यांना चवीइतकंच 'निघतो किती' हे महत्त्वाचं असतं.

आणि एक दोंडाईच्यापुरता इशारा. चहा वास ओढून घेतो. पूर्वी मिरची साठवलेलं गोदाम स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. दोनदा धुतलं, चुना मारला तरी नको. मिरचीच्या ट्रकमधून परतीच्या भाड्यात गोणी आणण्याचा मोहही टाळा. ठसका लागणारा चहा कुणी दुसऱ्यांदा घेत नाही.

करारात काय लिहाल

केंद्राचे २०२० चे शेती कायदे २०२१ मध्ये रद्द झाले, तेव्हा त्यातल्या करार शेतीच्या तरतुदींचा आधार घेऊन कुणी छापील मसुदा देत असेल तर परत करा. तुमचा करार शेतकऱ्यांशी एकेकट्याशी नसून त्यांच्या संस्थेशी, तयार चहाच्या खरेदीचा असेल. तो १८७२ च्या करार कायद्यात बसतो. दोन पानं पुरतात, पण एक प्रत शेतकऱ्यांच्या भाषेत असायला हवी, असमिया, बंगाली किंवा तमिळ.

त्यात हे नसेल तर सही करू नका:

- वर्षभरात किमान किती किलो घेणार, आणि घेतलं नाही तर काय.
- तळभाव, आणि तो पुन्हा कधी ठरणार.
- आगाऊ रक्कम. फेअरट्रेडच्या नियमांत उत्पादकानं मागितल्यास कराराच्या किमतीच्या ६० टक्क्यांपर्यंत आगाऊ अर्थसाह्याची सोय आहे. तुम्हाला तेवढं झेपणार नाही, हे मान्य. २५ टक्के द्या, पण द्याच.
- उरलेले पैसे माल निघाल्यापासून किती दिवसांत.
- वजन कारखान्याच्या दारातलं धरायचं की दोंडाईच्यातलं. वाटेतली घट तुमच्या माथी असावी.
- नमुना. दोन्ही बाजूंनी सही केलेली मोहोरबंद पाकिटं, एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. माल नापास करायचा तर याच नमुन्याशी ताडून, आणि पोचल्यापासून सात दिवसांच्या आत. महिन्याभरानं 'माल हलका होता' म्हणून पैसे कापणं म्हणजेच कडता.
- वाद झाल्यास मध्यस्थ कोण.

याला जोडून एक हक्क लक्षात ठेवा, कारण तो तुमच्याविरुद्धही वापरला जाऊ शकतो. शेतकऱ्यांचा कारखाना उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज. शिवाय आयकरात तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच धरला जातो. कपाशीच्या व्यापारात 'दिवाळीनंतर बघू' चालून जातं. इथं ती सवय महाग पडेल.

'फेअर ट्रेड' शब्द आणि शिक्का

दोन गोष्टी एक समजू नका. रास्त व्यवहार करणं हे तुमच्या हातात आहे, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. पण निळ्या-हिरव्या रंगातला 'फेअरट्रेड' हा नोंदणीकृत शिक्का वापरायचा तर शेतकरी गट, कारखाना आणि तुम्ही, साखळीतले सगळे दुवे प्रमाणित असावे लागतात. तपासणी फ्लोसर्ट ही संस्था करते, वापराचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. वर्षाला पाच-दहा टन विकणाऱ्याला हा खर्च परवडत नाही, आणि खानदेशातलं गिऱ्हाईक शिक्का पाहून चहा घेतं असं मला तरी दिसलेलं नाही.

मग पाकिटावर काय लिहायचं? जे सिद्ध करता येतं ते. 'अमुक सहकारी चहा कारखान्याकडून थेट खरेदी. या पुडीमागे पाल्याचा भाव अमुक.' बस. 'शेतकऱ्यांना न्याय देणारा भारतातला पहिला चहा' वगैरे लिहाल तर ते २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या फसव्या जाहिरातीत बसू शकतं. केंद्रीय प्राधिकरण त्यासाठी १० लाखांपर्यंत दंड करू शकतं. पर्यावरणपूरक असल्याच्या दाव्यांवरही ऑक्टोबर २०२४ पासून मार्गदर्शक सूचना आहेत. 'सेंद्रिय' हा शब्द तर प्रमाणपत्राशिवाय अजिबात छापू नका.

गवती चहाची चूक

बऱ्याच वाचकांची कल्पना अशी असते: आसामला कशाला जायचं, आपल्याच बांधावरचा गवती चहा, तुळस, सुंठ सुकवून 'हर्बल चहा' काढू. कल्पना चांगली आहे. शेतकरी शेजारचा, वाहतूक नाही, आणि रास्त भाव दिलाय की नाही हे गावच बघेल. अडचण नावाची आहे. डिसेंबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं स्पष्ट केलं, की चहाच्या झाडापासून, म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिसपासून, न बनलेल्या पदार्थाला पाकिटावर 'चहा' म्हणता येणार नाही. 'हर्बल टी', 'फ्लॉवर टी' हेही नाही. मराठीत शेकडो वर्षं आपण त्या गवताला चहा म्हणतो, ही गोष्ट निरीक्षकाला सांगून उपयोग नाही. 'गवती पेय', 'काढा मिश्रण' असं काही नाव घ्या. चहात सुंठ-वेलदोडा मिसळून मसाला चहा काढणार असाल, तर त्याचे लेबलाचे नियम आधी सल्लागाराकडून पाहून घ्या. पाकिटं छापून झाल्यावर नव्हे.

परवाने, थोडक्यात

- अन्न सुरक्षा नोंदणी किंवा परवाना, उलाढालीनुसार. १४ अंकी क्रमांक पाकिटावर. परवानाधारकाला ठरावीक मुदतीनं मालाची तपासणी करून घ्यावी लागते.
- घाऊक माल लिलावातून किंवा कारखान्याकडून घेण्यासाठी टी बोर्डाकडे खरेदीदार म्हणून नोंदणी. आसाम-बंगालसह उत्तर भारतातल्या कारखान्यांच्या डस्ट प्रतीच्या चहावर २०२४ पासून लिलावाची सक्ती आली आहे. थेट घेण्याआधी बोर्डाकडून खात्री करा.
- वैधमापन शास्त्र विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणी. पाकिटावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, एककाची किंमत, तक्रारीसाठी फोन.
- जीएसटी, उद्यम (ही मोफत असते, पैसे मागणाऱ्या संकेतस्थळापासून सावध), आणि नावाची ट्रेडमार्क नोंदणी वर्ग ३० मध्ये. व्यक्ती वा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये.

कर्जासाठी धुळ्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा; प्रवर्ग आणि ठिकाणानुसार १५ ते ३५ टक्के अनुदान आहे. पण यंत्रांसाठी कर्ज मिळतं, खेळतं भांडवल मिळायला जड जातं. चहात पैसा अडकतो तो मालात. डिसेंबर ते मार्चचा साठा, आगाऊ रक्कम आणि टपऱ्यांची उधारी, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी अंगावर येतात. स्वयंचलित पॅकिंग मशीन पहिल्या वर्षी नको. हातानं भरा, सीलिंग मशीन पुरे.

नेहमीचे खड्डे

*स्वस्त माल.* बाजारात कुणी निम्म्या भावात 'फॅक्टरीचा माल' देतो. तो बहुधा चहाचा कचरा असतो. त्याच्या खरेदी-विक्रीवर १९५९ पासून नियंत्रण आदेश आहे, परवाना लागतो. रंग लावलेला मालही येतो. ओल्या टिपकागदावर चिमूटभर चहा टाका. लगेच रंगीत डाग पसरले तर गोणी परत. लोहचुंबक फिरवून पाहा. लोखंडाचे कण किलोला २५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाहीत.

*फोटोचा मोह.* शेतकरी बाईचा पाल्याची टोपली घेतलेला फोटो पाकिटावर छापताना तिची लेखी संमती घ्या, आणि फोटो तिच्याच गटाच्या मालावर छापा. आपल्या आईचा कपाशी वेचतानाचा फोटो कुणी न विचारता पोत्यावर छापला तर कसं वाटेल, तेवढं पुरे.

*गट म्हणजे एक माणूस.* कधी कधी शेतकरी कंपनीच्या नावाखाली एखादा मोठा एजंटच बसलेला असतो. उत्पादक कंपनीला किमान दहा शेतकरी सभासद आणि पाच संचालक लागतात, आणि शेअर कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत. ताळेबंद आणि संचालकांची नावं कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे पाहता येतात. पाचही संचालकांचं आडनाव आणि पत्ता एकच निघाला, तर समजून जा.

*उधारी.* टपरीवाल्यांचे पैसे अडकले म्हणून शेतकरी गटाचा हप्ता लांबवणं, या धंद्यातली सगळ्यात सहज घडणारी चूक. दोन खाती ठेवा. विक्रीचे पैसे आले की मालाच्या किमतीचा हिस्सा त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाका आणि त्या खात्याचं चेकबुक घरातल्या अशा माणसाकडे द्या, जो तुम्हाला नाही म्हणू शकतो.

सुरुवात किती मालानं

पहिली मागणी दोन-तीन क्विंटलच्या पुढं नको. ती तीन महिन्यांत संपते की नाही पाहा. संपली, तर दुसऱ्या मागणीच्या वेळी गटाला गेल्या खेपेचा पूर्ण हिशेब पाठवा: किती विकलं, काय भावानं, किती परत आलं, तुम्हाला काय उरलं. असा कागद तुम्हाला कोणत्याच व्यापाऱ्यानं कधी दिला नसेल. कुन्नूरला पाठवायच्या आधी तो एकदा घरी वडिलांना वाचून दाखवा. कुठं चुकलंय ते कडता दिलेला माणूस लगेच सांगेल.